प्रकल्प नोंदी : ७९६ सीसी इंजिनावर प्लॅस्टिक आणि कंपोझिटचे भाग

ठिकाण : हिंगणा एमआयडीसी, नागपूर. इंजिन चाचणी-स्टँडवर, गाडीत नाही.

३ फेब्रुवारी

इंजिन ठरलं. तीन सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८.५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) ७२ मिमी, एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा पेट्रोल-इंजेक्टर). मारुती ८०० आणि अल्टोमुळे हे ७९६ सीसी इंजिन कुठल्याही गॅरेजच्या ओळखीचं आहे, सुटे भाग लगेच मिळतात आणि चाचणीत हेड गेलं तरी दुसरं आणता येतं.

बदलायचे भाग : इनटेक मॅनिफोल्ड (हवा सिलिंडरांकडे नेणारा भाग), टॅपेट कव्हर (हेडवरचं झाकण), ऑइल चेंबर (तळाचं तेलाचं भांडं), टायमिंग कव्हर (टायमिंगच्या पट्ट्यावरचं झाकण) आणि थर्मोस्टॅटवरचा वॉटर एल्बो. ब्लॉक, हेड, क्रँक, पिस्टन यांना हात लावायचा नाही.

असं का, याचं उत्तर जुन्या प्रयोगांतच आहे. अमेरिकेत मॅटी होल्ट्झबर्ग यांनी १९८०च्या सुमारास फोर्डच्या २.३ लिटर इंजिनावरून पोलिमोटर उभं केलं. ब्लॉक, पिस्टनचे स्कर्ट, कनेक्टिंग रॉड, टायमिंगचे भाग असं बरंच काही कंपोझिट (तंतू आणि रेझिन मिळून बनलेला माल) आणि टॉरलॉन या उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकचं होतं, आणि हे इंजिन लावलेली लोला गाडी १९८४-८५ मध्ये शर्यतींत धावली. पण त्यातही सिलिंडरच्या स्लीव्ह, पिस्टनचा माथा, ज्वलनकक्षाचा वरचा भाग, क्रँक आणि बेअरिंग धातूचेच होते. जर्मनीच्या फ्राउनहोफर आयसीटी संस्थेनं २०१५ मध्ये हॅनोव्हरच्या प्रदर्शनात काचतंतू आणि फिनॉलिक रेझिनचं एक सिलिंडरी इंजिन मांडलं, तिथेही जास्त ताण येणाऱ्या जागी धातूचे इन्सर्ट (आत बसवलेले तुकडे) होते. आग जिथे पेटते आणि जिथे घासतं तिथे धातू, बाकीच्या घरात प्लॅस्टिक, ही वाटणी आम्हीही मान्य केली आहे.

‘वितळणार नाही का?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. आमच्या मते तो शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न बोल्टचा : प्लॅस्टिकच्या फ्लँजवर (बोल्टनं जोडायच्या सपाट कडेवर) आवळलेला बोल्ट महिनाभरानं किती आवळलेला उरतो? या कामातला जास्तीत जास्त वेळ तिथेच द्यायचा.

९ फेब्रुवारी

मूळ धातूच्या भागांवर के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) लावून तापमानाचा नकाशा काढला. शेडमधली हवा ३० अंश. अर्धा तास भारावर चालवून इंजिन बंद केलं आणि पुढची २५ मिनिटं वाचन चालू ठेवलं.

मॅनिफोल्डची फ्लँज चालू इंजिनावर ६२ अंश, बंद केल्यावर बाराव्या मिनिटाला ८४. प्लेनम (मॅनिफोल्डमधली हवेची पेटी) ४१ वरून ६८. टॅपेट कव्हर ९२ वरून ९७. चेंबरची भिंत ९८, बंद केल्यावर हळूहळू उतरती.

मॅनिफोल्डसाठी कठीण वेळ इंजिन बंद झाल्यानंतरची आहे. चालू असताना आतून जाणारी ताजी हवा त्याला थंड ठेवते. बंद झालं की हवा थांबते, पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं आणि हेडमधली उष्णता फ्लँजमध्ये शिरते. फक्त चालू इंजिनाचं तापमान धरून रेझिन निवडलं तर २० अंशांनी फसगत होते. नागपुरात मे महिन्यात शेडमधली हवा आणखी १५ अंशांनी वर असते, ती बेरीज वेगळी. मॅनिफोल्डसाठी १२० अंश ही हिशेबाची मर्यादा धरली.

१७ फेब्रुवारी

सामग्रीची निवड. डेटाशीटवरचा एचडीटीचा आकडा (ठरावीक भाराखाली नमुन्याची छोटी पट्टी ज्या तापमानाला वाकते तो) इथे उपयोगाचा नाही. ३० टक्के काच भरलेल्या नायलॉन ६६ चा एचडीटी २५० अंशांच्या आसपास छापलेला असतो, कारण काचतंतू त्या छोट्या पट्टीला वाकू देत नाहीत. त्याच नायलॉनचं काचसंक्रमण तापमान कोरडं असताना ७० अंशांच्या आसपास असतं आणि ओलावा शोषल्यावर बरंच खाली येतं. त्यापुढे भाग वितळत नाही, पण सतत दाबाखाली बसत जातो. आपल्या कामाला हाच आकडा लागतो.

मॅनिफोल्ड, टॅपेट कव्हर आणि चेंबर : काचकापड (कव्हरसाठी कार्बनही) आणि एलवाय ५५६ इपॉक्सी. हार्डनर एचवाय ९५१ बाजारात सहज मिळतो, १०० ला १० प्रमाणात मिसळला की खोलीच्या तापमानाला घट्ट होतो, पण इंजिनावर नको, त्याची उष्णता सोसायची ताकद कमी. त्याऐवजी ॲनहायड्राइड हार्डनर एचवाय ९१७ आणि ॲक्सिलरेटर डीवाय ०७०. वजनानं १०० : ९० : १. भट्टीत नीट पिकवलं तर काचसंक्रमण १४५ अंशांच्या वर जातं.

वॉटर एल्बो : पीपीएस (पॉलिफेनिलिन सल्फाइड), ४० टक्के काच. नायलॉन ६६ गरम ग्लायकॉल-पाण्यात हळूहळू तुटतं, पृष्ठभागावरचं पॉलिमर झिजून काच उघडी पडते. पीपीएसला पाण्याची बाधा होत नाही. टायमिंग कव्हर : काच भरलेलं नायलॉन ६, थ्रीडी प्रिंट. ती जागा त्यातल्या त्यात थंड आहे.

२४ फेब्रुवारी

बोल्टची चाचणी. या नोंदीतलं सगळ्यात उपयोगाचं हेच आहे, म्हणून सविस्तर.

एम६, ८.८ ग्रेडचा बोल्ट, १० न्यूटन-मीटर टॉर्क. टॉर्कचा गुणांक (नट फॅक्टर) ०.२ धरला तर बोल्टमध्ये साधारण ८.३ किलोन्यूटन ओढ येते. १२ मिमी वॉशर आणि ६.६ मिमी भोक असेल तर वॉशरखालचं क्षेत्रफळ ७९ चौरस मिमी, म्हणजे दाब १०५ मेगापास्कल. गरम नायलॉनवर हा दाब कायमचा ठेवणं शक्य नाही.

मोजायची पद्धत : बोल्टची दोन्ही टोकं ग्राइंड करून गुळगुळीत केली, मधोमध छोटे खळगे करून त्यांत स्टीलच्या गोळ्या बसवल्या आणि डिजिटल मायक्रोमीटरनं लांबी घेतली, आवळण्याआधी आणि नंतर. ४० मिमी पकड असेल तर ८.३ किलोन्यूटनला बोल्ट ०.०८ मिमी ताणला जातो. ती ताण-लांबी उरली म्हणजे ओढ उरली. मायक्रोमीटर हातात धरून ठेवायचा नाही, स्टँडवर लावायचा, नाहीतर हाताच्या उष्णतेनं शेवटचे दोन मायक्रॉन हलतात.

पकडीत १० मिमीची नमुना प्लेट, बाकी ॲल्युमिनियमचे स्पेसर. भट्टीत ११० अंशांवर २४ तास, पुन्हा खोलीच्या तापमानाला आणून मोजणी. काच भरलेलं नायलॉन : ०.०८ पैकी ०.०३१ उरले. काच-इपॉक्सी शीट : ०.०६२. तीच शीट, पण भोकात एमएसचा (माइल्ड स्टीलचा) बुश, म्हणजे आखूड नळी : ०.०७६.

नायलॉनचा बोल्ट पुन्हा १० न्यूटन-मीटरला आवळून तोच फेरा केला. या वेळी ०.०४८ उरले. सुधारणा आहे, पण ‘गरम करून पुन्हा आवळा’ एवढ्यावर काम भागत नाही, बसणं मंदावतं पण थांबत नाही.

आखूड बोल्ट आणखी वाईट. १५ मिमी पकडीच्या बोल्टची एकूण ताण-लांबीच ०.०३ मिमी. प्लॅस्टिक तेवढं बसलं की बोल्टमध्ये काही उरतच नाही, डोकं बोटानं फिरतं. शक्य तिथे बोल्ट लांब घ्यायचा आणि डोक्याखाली स्टीलची नळी द्यायची.

ठरलं : प्रत्येक बोल्टला झिंक केलेला एमएस बुश, आतून ६.४, बाहेरून १० मिमी. बुशवरचा दाब १८० मेगापास्कलच्या आसपास येतो, माइल्ड स्टील तो सोसतं. वर फ्लँज बोल्ट, त्याची टोपी १३ मिमीच्या आसपास, म्हणजे बुशच्या बाहेरच्या प्लॅस्टिकवरही थोडी टेकते. बुश फ्लँजपेक्षा ०.०३ ते ०.०५ मिमी आखूड, म्हणजे आधी फ्लँज हलकी दाबली जाते आणि मग सगळा भार बुशवर जातो.

५ मार्च

मॅनिफोल्डचा गाभा. तीन रनर (प्रत्येक सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्या) आणि प्लेनम अखंड हवे असतील तर आतला गाभा नंतर काढता आला पाहिजे. धुतलेली बारीक वाळू आणि अर्धवट हायड्रोलाइज्ड पीव्हीएचं (पाण्यात विरघळणाऱ्या चिकट पॉलिमरचं) पाणी, लाकडी साच्यात ठोकून भरलं. ११० अंशांवर रात्रभर वाळवलं. ही पायरी घाईनं उरकायची नाही : गाभ्यात ओलावा राहिला तर ॲनहायड्राइड हार्डनर पाण्याशी आम्ल बनवून वाया जातो आणि आतला थर चिकट राहतो. वाळलेल्या गाभ्यावर पातळ इपॉक्सीचा हात, वरून मेण.

काचकापड ३०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), ११ थर, व्हॅक्यूम बॅगखाली जाडी २.६ मिमी. रनर जिथे प्लेनमला मिळतो त्या वळणावर कापड ४५ अंशांवर कापून लावायचं, सरळ धाग्याचं कापड तिथे घडी धरतं आणि घडीखाली हवेची पोकळी राहते. फ्लँजसाठी विद्युत कामातली १० मिमी काच-इपॉक्सी शीट कापून, ८० नंबरच्या पेपरनं खरवडून, लेअपमध्येच (कापडाचे थर रचतानाच) बसवली. इंजेक्टरचे बॉस (इंजेक्टर बसवायच्या उंच जागा) ॲल्युमिनियमचे, गुंफणीत अडकतील असे बाहेरून खाचा पाडलेले.

प्लेनमचा वरचा भाग सपाट ठेवायचा नाही. आयडलला (भाराविना मंद चालताना) आतला निरपेक्ष दाब ३५ किलोपास्कलच्या आसपास येतो, बाहेर १००. ९० मिमी रुंद सपाट भिंत, २.५ मिमी जाडीची, त्या फरकानं मधोमध सुमारे ०.४ मिमी आत जाते आणि प्रत्येक ठोक्याला वाजते. म्हणून १२ मिमी उंचीचा घुमट दिला.

८ मार्च

पिकवणं. ८० अंशांवर ४ तास, तापमान मिनिटाला १ अंशानं वाढवत. मग गाभा गरम पाण्यानं धुतला. १४० अंशांनंतर धुवायला घेतला तर पीव्हीए लवकर विरघळत नाही, आणि रनरच्या वळणात वाळू अडकली तर ती थेट व्हॉल्व्ह सीटवर जाते. एंडोस्कोपनं तिन्ही रनर पाहिले, नंतर ७० अंशांवर रात्रभर वाळवले.

पुढे तासाला १० अंश या वेगानं १४० पर्यंत, तिथे ६ तास. वेग यापेक्षा वाढवायचा नाही. ८० अंशांवर पिकलेल्या रेझिनचं काचसंक्रमण अजून ९०-९५ च्या आसपासच असतं. भट्टी त्याच्या पुढे पळाली तर भाग स्वतःच्या वजनानं वाकतो. फ्लँज या सगळ्या वेळी जाड ॲल्युमिनियम प्लेटवर बोल्टनं बांधलेली.

१५ मार्च

फ्लँज मिलिंगवर फेस केली, कार्बाइड कटर, कोरडं, व्हॅक्यूम क्लीनर लावून. धूळ फुप्फुसाला वाईट, पी२ मास्क सक्तीचा.

सपाट पॅकिंगऐवजी खाचेत ३ मिमीची एफकेएम (उष्णता आणि इंधन सोसणारं रबर) कॉर्ड. खाच २.३ मिमी खोल, ४ मिमी रुंद, म्हणजे कॉर्ड जवळपास २३ टक्के दबते आणि फुगायला जागा उरते. एनबीआर (नायट्राइल रबर) घेतलं नाही : आता पंपावर ई२० मिळतं आणि इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये साधं एनबीआर जास्त फुगतं, शिवाय १०० अंशांच्या वर त्याचा लवचीकपणा टिकत नाही.

सपाट पॅकिंग टाळण्याचं आणखी एक कारण. काच-इपॉक्सी जाडीच्या दिशेनं स्टीलपेक्षा चौपट ते पाचपट फुगतं. १० मिमी फ्लँज ८० अंशांनी तापली तर बुशपेक्षा ०.०३ मिमीनं जास्त वाढते, थंड झाल्यावर तेवढीच मागे येते. सपाट पॅकिंग या श्वासात सैल पडतं, दबलेली कॉर्ड मागोमाग फुगून फट भरते.

लांबीच्या दिशेनं चित्र वेगळं, आणि इथे कापडाचं लॅमिनेट नायलॉनपेक्षा सरस ठरतं. २४० मिमी लांबीवर ८० अंशांना ॲल्युमिनियमचं हेड ०.४४ मिमी वाढतं, कापडाचं लॅमिनेट ०.३ च्या आसपास. मोल्ड केलेलं काच-नायलॉन तंतूंच्या आडव्या दिशेनं १.२ मिमीपर्यंत जातं. नायलॉनची फ्लँज असती तर कडेची भोकं लांबट करावीच लागली असती.

दाबाची चाचणी पाण्यानं, ५ बार, १० मिनिटं. हवेनं कधीच नाही. हवेत साठलेली ऊर्जा फुटताना तुकडे फेकते, पाणी फक्त गळतं. बॅकफायरसाठी (मॅनिफोल्डमध्येच पेट्रोल पेटून दाब वाढतो त्यासाठी) ही चाचणी आवश्यकच आहे. दुसऱ्या रनरच्या मुळाशी घाम आल्यासारखे थेंब दिसले. आतून पातळ रेझिन फिरवून, बाहेरून व्हॅक्यूम देऊन सुया-भोकं बंद केली, पुन्हा पिकवलं. दुसऱ्या चाचणीत कोरडं.

२८ मार्च

इंजिनावर पहिलं चालवणं. स्टार्टर फिरला, पण ईसीयूचं (इंजिनाच्या संगणकाचं) वागणं विचित्र. मूळ ॲल्युमिनियम मॅनिफोल्डवर अर्थिंगच्या वायरी बसतात. प्लॅस्टिक मॅनिफोल्डमधून विजेला वाट नाही. वायरी हेडवरच्या बोल्टला नेल्या. कंपोझिट मॅनिफोल्ड लावणाऱ्यानं हे आधी करावं, नाहीतर दोष सेन्सरमध्ये शोधत बसावं लागतं.

त्यानंतर आयडल मिनिटाला ८५० फेऱ्यांऐवजी ११५० वर. इथे मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) आहे, म्हणून बाहेरून घुसलेली हवाही दाबात मोजली जाते, ईसीयू तिच्यासाठी पेट्रोल देतं आणि आयडल वाढतं, इंजिन अडखळत नाही. धुराच्या यंत्रानं गळती तिसऱ्या सिलिंडरच्या टोकाला दिसली. कारण : मिलिंगनंतर फ्लँजला सरफेस प्लेटवर एमरीनं शेवटचा हात दिला होता. एमरी काच-इपॉक्सीला स्टीलपेक्षा लवकर खाते, त्यामुळे बुश ०.१२ मिमी वर उभे राहिले आणि त्या टोकाला फ्लँज हेडला टेकलीच नाही. उपाय साधा आहे : बुश बसवल्यावर पृष्ठभागाला एमरी लावायची नाही, दोन्ही एकाच कटरनं एकाच पासमध्ये कापायचे, आणि मागाहून बुश ०.०४ मिमी आत दाबायचे. डायल गेजनं प्रत्येक बुश तपासून लिहून ठेवायचा.

नंतर आयडल ८५०-८७०.

१२ एप्रिल

टॅपेट कव्हर कार्बनचं, ४ थर. कार्बन ॲल्युमिनियमला थेट लागला आणि मध्ये ओल आली की ॲल्युमिनियम गंजतं, कार्बन नाही. हेडच्या कडेला पांढरी भुकटी दिसते, आणि ती दिसेपर्यंत पॅकिंगची जागा खराब झालेली असते. म्हणून हेडकडच्या बाजूला १०० जीएसएम काचकापडाचा एक थर, कडेच्या बाहेर १० मिमी येईल असा. बोल्टभोवती भोकातही काच. आत ब्रीदरसमोर (वायू बाहेर जायच्या वाटेसमोर) ॲल्युमिनियमचा बॅफल (आडोसा), नाहीतर तेलाचे तुषार थेट मॅनिफोल्डमध्ये.

वजनाचा फायदा इथे किरकोळ. कार्बनचा मोह दिसण्यासाठी होतो. काचकापडाचं कव्हर याच जागी तितकंच चालेल आणि गंजाची काळजी राहणार नाही, आमचा कौल काचेला.

२ मे

पीपीएसचा वॉटर एल्बो रॉडमधून लेथवर. धारदार कार्बाइड टूल, हलका कट. भोक पलीकडे निघताना कडा उडते, म्हणून मागे लाकडाचा ठोकळा. आतल्या कोपऱ्यांना किमान १ मिमी गोलाई, हा माल ठिसूळ आहे. आटे पाडायचे नाहीत, पितळी इन्सर्ट.

२७ मे

नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस) चालू. शेडमध्ये ४५ अंश. याच दिवसांसाठी थांबलो होतो.

अर्धा तास भार, मग बंद. मॅनिफोल्डची फ्लँज चालू असताना ७९, बंद केल्यावर चौदाव्या मिनिटाला १०४. १२० च्या हिशेबात आहे. बोल्टची ताण-लांबी दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर मोजली, सगळ्या बोल्टांत ०.०७३ च्या वर.

ऑइल चेंबरनं मात्र किंमत घेतली. काच-इपॉक्सी उष्णता जवळजवळ पुढे जाऊच देत नाही. पत्र्याच्या चेंबरवर तेल ११७ अंश होतं, कंपोझिटच्या चेंबरवर १२४. इथल्या उन्हाळ्यात ७ अंश ही थोडी गोष्ट नाही. चेंबर कंपोझिटचा ठेवायचा तर छोटा ऑइल कूलर आलाच, म्हणजे वाचलेलं वजन तिकडे गेलं. ड्रेन प्लगसाठी स्टीलचा फ्लँज असलेला इन्सर्ट आतल्या बाजूनं बसवला आहे, बाहेरून चिकटवलेला इन्सर्ट प्लग आवळताना फिरतो.

एक सूचना लेअप करणाऱ्यांसाठी. मेमध्ये बाहेरची हवा कोरडी, रेझिन पातळ, कामाला छान वाटते. पण पाण्याचा कूलर लावलेल्या खोलीत हवेतला ओलावा कितीतरी पट वाढतो आणि ॲनहायड्राइड हार्डनरचा उघडा डबा तो शोषतो. हार्डनर कूलर नसलेल्या खोलीत, पहाटे, आणि डबा लगेच बंद.

२३ जून

पाऊस सुरू झाल्यावर टायमिंग कव्हर पुन्हा मोजलं. मे महिन्यात बसवलेल्या नायलॉन कव्हरची ३०० मिमी लांबी ०.६ मिमीनं वाढली आहे. मधला बोल्ट काढल्यावर कव्हर पट्ट्याच्या बाजूला हलकं फुगलेलं दिसलं, पट्ट्यापासून अंतर ४ वरून ३ मिमीवर. घासत नाही, पण दिशा चांगली नाही. कडेची भोकं १.५ मिमीनं लांबट केली, मधलं एकच भोक नेमकं ठेवलं, बाकी बोल्ट खांदे असलेले.

प्रिंटसाठीचं फिलामेंट आता ८० अंशांवर १२ तास वाळवल्याशिवाय वापरायचं नाही. ओलं असेल तर नोझलमधून तडतड ऐकू येते आणि थरांमधली पकड जाते.

१२ जुलै

वजनं : मॅनिफोल्ड २.३५ किलोवरून १.४२ (बुश, बॉस, इन्सर्ट धरून). एवढा खरा फायदा. टॅपेट कव्हर आणि एल्बोचा फरक ग्रॅमांत.

चेंबर पुन्हा पत्र्याचा लावला. मॅनिफोल्ड, काचकापडाचं टॅपेट कव्हर आणि पीपीएस एल्बो इंजिनावर राहतील. टायमिंग कव्हरला पावसाळा संपेपर्यंत दर पंधरवड्याला मोजायचं, पट्ट्यापासून अंतर २.५ मिमीखाली आलं तर काढायचं.

पुढचं काम कॅमच्या पुलीचं, काच-फिनॉलिकमध्ये. हब स्टीलचाच, दात मोल्डिंगमध्ये. त्याआधी हबच्या बोल्टवर हीच ताण-लांबीची चाचणी, १३० अंशांवर.